पाहुण्यांना जबलपूर दाखवताना

(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. भाषणाचा सराव नाही, म्हणून रोजच्या अनुभवातलेच बोलतो. पुण्या-नागपूरकडचे पाहुणे येतात. आपण त्यांना भेडाघाटला नेतो, धुआंधार दाखवतो, दगडाची एखादी कोरीव मूर्ती घेऊन देतो आणि जेवायला घरी परततो. झाले जबलपूर!

त्यातून गणपतीच्या दिवसांत आलेल्या पाहुण्यांची पंचाईतच. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि नर्मदेला मोठा पूर आला की धबधबाच पाण्याखाली जातो. मंडळी हिरमुसतात. पण तिथेच टेकडीवर, शंभरावर पायऱ्या चढून गेले की चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. हे कलचुरींच्या काळातले, दहाव्या शतकातले. गोल आवार, कडेने ८१ देवळ्या, आत नंदीवर आरूढ गौरीशंकर. या योगिनींमध्ये एक गजमुखी आहे. तिचे कोरलेले नाव ‘श्री ऐंगिनी’. तिच्या दुमडलेल्या पायाला एका चिमुकल्या गजमुखाने आधार दिला आहे. गणेशाच्या या स्त्रीरूपाला विनायकी म्हणतात. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन या देवळात गणपतीचे जपानी रूप पुजतात, त्याला मुळा वाहतात. हे वाचून आपल्याला नवल वाटते. आपल्या शेजारच्या विनायकीचे दर्शन मात्र किती जणांनी घेतले आहे?

भेडाघाटच्या वाटेवर तेवर लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. त्या राजांचे शिलालेख व ताम्रपट संपादून १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे विद्वान म्हणजे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनाला नाव मिळाले तेही त्रिपुरीचेच. सुभाषबाबू तापाने फणफणले असताना अध्यक्ष म्हणून आले होते. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून शहरात कमानिया गेट उभे आहे.

मदनमहाल किल्ल्याजवळचा तोलून ठेवल्यासारखा दगड २२ मे १९९७ च्या भूकंपातही हलला नाही. पुलांचे भार मोजणाऱ्या आम्हा लोकांना तो पाहून हात जोडावेसे वाटतात. आणि आपली रेल्वे! मुंबईकडून आलेली जी.आय.पी. आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन या दोन्ही लाईनी जबलपूरला जोडल्या गेल्या, तो दिवस ७ मार्च १८७०. मुंबई-कोलकाता रेल्वेने जोडली गेली ती इथे. भिटोनी स्टेशनवर आपण गाडीची वाट पाहतो ती त्याच मार्गावर.

हे सांगण्याचे कारण आपली मुले. त्यांचा जन्म इथला. सुट्टीत ती सिंहगड पाहून येतात, पण जबलपूरबद्दल विचारले तर ‘धबधबा’ एवढेच सांगतात. १७८१ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख आधी पेशव्यांकडे, मग नागपूरकर भोसल्यांकडे होता. म्हणजे आपले नाते आजचे नाही. तरीही या भूमीत आपण पाहुण्यांसारखे राहिलो, तर मुलांना ना तिकडचे गाव उरेल, ना इकडचे.

जपानमध्ये अनेक स्टेशनांवर रबरी शिक्का ठेवलेला असतो. त्यावर जवळच्या प्रेक्षणीय स्थळाचे चित्र असते. १९३१ साली फुकुई स्टेशनवर ही पद्धत सुरू झाली. मुले वही घेऊन गावोगावचे शिक्के गोळा करतात आणि त्या निमित्ताने देश पाहतात. आपण शिक्के करू शकत नसलो तरी वह्या नक्की देऊ शकतो. मंडळाने यंदा शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. वर्षभरात पाच स्थळे पाहायची, तिथे बसून चित्र काढायचे, चार ओळी लिहायच्या आणि पुढच्या गणपतीत त्या वह्यांचे प्रदर्शन भरवायचे. नंतर पाहुणे आले की त्यांना हिंडवायचे काम मुलांवरच सोपवा. खर्च फार नाही. वह्यांचा भार मी उचलतो, मुलांना नेण्याचा भार पालकांनी उचलावा.

गणपती बाप्पा मोरया!