आणे गेले, पावकी राहिली



झटपट गुणाकार हा आजचा विषय. यात जादू काही नाही. ज्या पावकी-निमकीला आपण निरोप दिला ती अजून कामाची आहे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. रुपया सोळा आण्यांचा. चार आणे म्हणजे पाव, बारा आणे म्हणजे पाऊण. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे शेर जाऊन किलो आला. साहजिकच लोक म्हणू लागले, आता पावकी कशाला?

पण शंभराचाही पाव होतोच! तो पंचवीस. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, दीडशे, अडीचशे, साडेतीनशे ही सगळी त्याच पाढ्यांची घरे. आंबा घाटाने कोकणातला नारळ वर येतो. पंचवीस रुपयांना एक, तर ४८ नारळांचे किती? ४८ ची पावकी १२. त्यावर दोन शून्ये, १,२०० रुपये. पंचाहत्तर रुपये किलोने ३६ किलो तांदूळ घेतला, तर ३६ ची पाऊणकी २७. झाले २,७०० रुपये. साडेतीनशे रुपये रोजाने आठ दिवसांची मजुरी किती? आठाची औटकी २८, म्हणजे २,८००.

भाव असा सोयीचा नसेल तेव्हा काय करावे? तेव्हा संख्या फोडावी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे, आणि ते सोडविण्याच्या वाटा अनेक दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा: १,०८० अधिक ५४०. किंवा आधी चाराने गुणून मग तिनाने गुणा. किंवा विसाने गुणून आठपट वजा करा: २,७०० उणे १,०८०. कोणत्याही वाटेने जा, मुक्काम १,६२० च! ३७ ला ९८ ने गुणताना ३,७०० मधून ७४ वजा केले की ३,६२६ येतात, तीही हीच युक्ती. नवनव्या नावांनी जी सूत्रे आज शिकविली जातात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी संख्येची ही फोडच असते.

कोणी म्हणेल, खिशातला फोन हे सारे करतो. करतो खरा. पण बोट चुकून एक शून्य जास्त पडले, तर ते फोन सांगत नाही. ४८ म्हणजे जवळजवळ ५०, तेव्हा उत्तर साडेबाराशेच्या थोडे आतच हवे, हा अंदाज माणसालाच बांधावा लागतो. आठवड्याची मजुरी हाती घेणाऱ्या बाईला हा अंदाज असेल, तर तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. हिशेब येणे ही अशी स्वाभिमानाची गोष्ट आहे.

म्हणून पालकांना एकच विनंती. पाढा अडला म्हणून मुलाला मंद ठरवू नका. सातआठे अडले, तर सातचोक अठ्ठावीस आणि त्याची दुप्पट छप्पन्न, ही वाट त्याला दाखवा. ज्याला वाट समजली, त्याचे पाठांतर एखादे वेळी विसरले तरी अडत नाही.