पाठराखीण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत एका निवृत्त परिचारिकेनें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या शुभ प्रसंगीं मला दोन शब्द बोलावयास सांगण्यांत आलें, तेव्हां प्रथम मनांत संकोच उभा राहिला. माझें सारें आयुष्य प्रसूतिगृहांत गेलें, आणि तेथें बोलण्यापेक्षां कान देण्याचेंच काम अधिक. परंतु आपल्या धर्मग्रामांतून आजवर इतक्या मुली परिचारिका झाल्या आहेत, आणि इतक्या घरांत रात्रपाळीहून परतलेली सून किंवा लेक भर दुपारीं निजलेली असते, कीं हा विषय या मांडवांत कोणास परका वाटूं नये. म्हणून मी उभी राहिलें आहें.

नर्स म्हणजे काय हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. साधी नर्स डॉक्टरांनीं ठरविलेले उपचार पार पाडते. (साधी हा शब्द मीं वापरला खरा, पण रात्रीं दोन वाजतां चाळीस खाटा एकटीनें सांभाळणाऱ्या बाईस तिच्या तोंडावर साधी म्हणण्याचें धाडस मला होणार नाहीं.) नर्स प्रॅक्टिशनर ही अधिक शिक्षण घेऊन रुग्णास स्वतः तपासते, काय झालें असावें याचा निर्णय करते, आंखून दिलेल्या मर्यादेंत उपचार ठरविते, आणि मर्यादेपलीकडचें कांहीं दिसतांच डॉक्टरांस पाचारण करते.

ही कल्पना अमेरिकेंत जन्मास आली. १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेटा फोर्ड या परिचारिकेनें आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानें मिळून मुलांच्या आरोग्यासाठीं असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाईंनीं त्यापूर्वीं सार्वजनिक आरोग्यसेवेंत काम केलें होतें, आणि जेथें डॉक्टर पोंचत नाहीं तेथें पुष्कळसें नर्सलाच निभावून न्यावें लागतें, हें त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. विरोध झालाच. तो डॉक्टरांनीं केला, तसा नर्सिंगच्या अध्यापिकांनींही केला; एकीकडून म्हणत कीं ही डॉक्टरचें काम बळकावते, दुसरीकडून म्हणत कीं ही नर्सचें काम सोडून जाते. आज त्या देशांत अशा नर्सेस साडेतीन लाखांहून अधिक आहेत. फोर्डबाई २०२५ सालीं वयाच्या १०४ व्या वर्षीं निवर्तल्या. आपण लावलेल्या रोपट्याची सावली त्यांना पाहावयास मिळाली.

आपल्या देशांत ही वाट अलीकडची. भारतीय परिचर्या परिषदेनें अतिदक्षता विभागासाठीं दोन वर्षांचा अभ्यासक्रम आंखून दिला. त्यांत वर्गांतले तास थोडे आणि खाटेपाशीं काढावयाचे तास फार. पुढें २०१८ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें सूतिकासेवेविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, आणि नोंदणी झालेल्या नर्सेसनीं अठरा महिने शिकून सूतिकाशास्त्रांतील नर्स प्रॅक्टिशनर व्हावें असें ठरलें. निर्विघ्न प्रसूति तिनें आपल्या जबाबदारीवर करावी, आणि विघ्नाची चाहूल लागतांच डॉक्टरांच्या हातीं सोपवावी, अशी ही योजना आहे.

धर्मभगिनी येथें बसल्या आहेत म्हणून एक गोष्ट सांगतें. १९३६ सालीं रोमहून आज्ञापत्र निघालें, तोंपर्यंत धर्मभगिनींस सूतिकाकर्म करण्याची सामान्यतः मनाई होती. त्यानंतर ज्या पहिल्यानें त्या खोलींत शिरल्या असतील, त्यांच्यामागें उभी राहावयास त्यांच्याच व्रताची अनुभवी भगिनी बहुधा नव्हती. आज शिकणाऱ्या नर्सची स्थिति कांहींशी तशीच आहे. तिच्या आधीं त्या वाटेनें गेलेली तिच्या रुग्णालयांत बहुधा कोणी नसते, आणि आम्ही ज्या तिच्यामागें उभ्या राहतों, त्या आम्हीही ती पदवी घेतलेल्या नसतों.

आतां माझ्या मूळ मुद्द्याकडे वळतें. लोकांस वाटतें कीं अठरा वर्षांच्या पोरीला आधार लागतो. दहा-बारा वर्षें नोकरी झालेल्या बाईस आधार कशाला? अनुभव याच्या उलट आहे. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेनें १९८४ सालीं एक ग्रंथ लिहिला. नवशिकी नर्स निष्णात होईपर्यंत कोणत्या पांच पायऱ्या चढते, तें त्यांत त्यांनीं दाखविलें आहे. त्यांत त्यांनीं असेंही नमूद केलें आहे कीं, निष्णात नर्ससुद्धां ज्या कामाचा तिला मुळींच अनुभव नाहीं अशा कामावर गेली, म्हणजे पुन्हां पहिल्या पायरीवर येऊं शकते. हें दुःख लहान नव्हे. काल जिच्याकडे वॉर्डांतल्या साऱ्या मुली विचारावयास येत, तिलाच आज दुसऱ्याला विचारावें लागतें. कोवळ्या पोरीस अज्ञानाची लाज नसते. या बाईस ती असते, आणि लाजेपोटीं ती विचारीत नाहीं.

मला हें कळलें तें माझ्या चुकीमुळें. रुग्णालयाचें नांव येथें नको, आणि त्या बाईचेंही नको. तेहेतीस वर्षांची, घरीं एक मुलगा, दहा वर्षें वॉर्डांत काढलेली. सुई टोंचण्यांत तिचा हात असा हलका, कीं रुग्ण तिचीच वाट पाहत. ती सूतिकाशास्त्राचें हें नवें शिक्षण घेऊं लागली, आणि मला तिची मार्गदर्शिका नेमण्यांत आलें. एका रात्रीं कळा देणाऱ्या एका बाईपाशीं ती बसली होती. गर्भाच्या हृदयाचे ठोके मिनिटास ११० ते १६० असावेत; ते ऐकण्याचें यंत्र तिच्या हातांत होतें. एक कळ ओसरली तरी ठोके मंदच राहिले. दुसऱ्या कळेनंतरही तसेंच. तिनें तें ऐकलें होतें. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलें कीं तिला तें कळलेंही होतें. तिनें माझ्याकडे पाहिलें. तेवढ्यांत तीस वर्षांच्या सवयीनें मीं तिच्या हातांतलें यंत्र काढून घेतलें, बाईला डाव्या कुशीवर वळविलें, आणि डॉक्टरांस बोलावणें पाठविलें. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिलीं. सर्वांनीं माझी वाहवा केली.

आठवड्यानें ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, मला माझ्या वॉर्डांत परत जाऊं द्या." मीं कारण विचारलें. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या हातांतलें यंत्र घेतलेंत ना, तेव्हांच मला समजलें कीं हें मला जमणार नाहीं."

बंधुभगिनींनो, मी त्या रात्रीं बाळासाठीं जें केलें तें योग्यच होतें. पण तिला दोनच शब्द बोलावयास मला कितीसा वेळ लागला असता? "बोल, काय करूं या?" एवढेंच विचारलें असतें, तर डाव्या कुशीवर वळवा, डॉक्टरांना बोलवा, असें तिनेंच सांगितलें असतें, आणि तेंच तिच्या हातून झालें असतें.

लग्न होऊन सासरीं निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण पाठविण्याची आपली रीत आहे. ती तेथें चूल पेटवावयास जात नाहीं. नव्या घरांत नवरी भांबावली तर तिला एक ओळखीचा चेहरा दिसावा, पाण्याचा हंडा कोठें आणि सासऱ्यांची जेवणाची वेळ कोणती हें हळूच कानांत सांगावें, आणि कांहीं दिवसांनीं आपलें बोचकें उचलून परत यावें, एवढेंच तिचें काम. पाठराखीण जर सुनेच्या हातांतला पिठाचा गोळा घेऊन स्वतःच भाकरी थापूं लागली, तर घरचे म्हणतील, हिला कांहीं येत नाहीं वाटतें. मीं नेमकें तेंच केलें होतें.

त्या बाईला मीं थांबवून घेतलें. फार विनवून घेतलें, असेंच म्हणा. त्या दिवसापासून आम्ही दोघींनीं एक करार केला. पाळी सुरू होण्यापूर्वीं ठरवावयाचें कीं कोणतीं लक्षणें दिसलीं तर मी विचारणा न करतां हात घालीन. रक्तस्राव वाढला, ठोके घसरून सांवरले नाहींत, बाईला झटका आला, तर मी थांबणार नाहीं, आणि तिनें त्याचा राग मानावयाचा नाहीं. बाकी सर्व वेळ माझे हात पाठीमागें. मी खरोखरच ते पाठीमागें बांधून उभी राहत असें. न बांधले तर ते ऐकत नसत. आणि पाळी संपल्यावर चहाच्या कपाबरोबर तीन प्रश्न: काय पाहिलेंस, त्यावरून काय वाटलें, आणि काय केलेंस. चुकलेंस हा शब्द मीं त्या चहाच्या वेळीं कधीं वापरला नाहीं. तो बहुधा तिनेंच वापरला.

पुढें कांहीं महिन्यांनीं एका पहिलटकरणीची प्रसूति अडली. चार तास होऊन गेले तरी गर्भाशयाचें मुख पुढें उघडेना. तिनें तक्त्यावर नोंदी बरोबर मांडल्या होत्या, आणि डॉक्टरांस बोलावण्याचा निर्णय तिचा तिनें घेतला. दूरध्वनीवर डॉक्टर म्हणाले, "मोठ्या सिस्टरांना द्या." तिनें फोन माझ्यापुढें केला. मीं हात पाठीमागून काढले नाहींत. डॉक्टरांना ऐकूं जाईल अशा स्वरांत मी म्हणालें, "डॉक्टर, बाईला तीच पाहत आहे, तीच सांगेल." थोडी शांतता झाली. मग त्यांनीं विचारलें आणि तिनें सांगितलें: ठोके किती, मुख किती उघडलें, केव्हांपासून थांबलें. ते आले. त्या डॉक्टरांविषयीं न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं त्यानंतर त्यांनीं मला मागितलें नाहीं, ते तिलाच विचारूं लागले, आणि स्वतःचें मत सांगण्यापूर्वीं "तुम्हांला काय वाटतें?" असें म्हणूं लागले.

परंतु एक गाऱ्हाणें मांडल्याशिवाय मला बसवत नाहीं. मार्गदर्शिका नेमतांना तिच्या रोजच्या कामांतून एक खाटही कमी केली जात नाहीं. विद्यार्थिनीकडे लक्ष द्या म्हणावयाचें, आणि पाळीची माणसें होतीं तितकींच ठेवावयाचीं. मग होतें काय, कीं महिनाअखेरीस विद्यार्थिनी नोंदवही घेऊन येते, आणि थकलेली सिस्टर न पाहिलेल्या प्रसूतींपुढें भराभर सह्या ठोकते. अशा सह्या मींही केल्या आहेत. आज या मांडवांत तें कबूल करतें. ती प्रत्येक सही म्हणजे कुठल्या तरी अनोळखी बाईच्या जिवाची हमी होती, आणि ती देण्याचा मला अधिकार नव्हता. जे कोणी येथें रुग्णालयांच्या कारभारांत आहेत त्यांच्याजवळ माझें मागणें हेंच कीं, शिकविण्यासाठीं आठवड्यांतले कांहीं तास वहींत लिहून द्यावेत, आणि त्या तासांत त्या सिस्टरला दुसऱ्या कामास हांक मारूं नये.

घरच्यांनाही दोन शब्द. तिशीपस्तिशींत पुन्हां विद्यार्थिनी झालेली बाई रात्रीं पुस्तक उघडते, तेव्हां तिला सासूबाईंनीं भांड्यांची आठवण करून देऊं नये. नवऱ्यानें मुलाला अभ्यासास घेऊन बसावें. ज्या बाईविषयीं मीं सांगितलें, तिच्या सासूनें अठरा महिने सकाळचा डबा केला. त्या माउलीचें नांव कोणत्याही प्रमाणपत्रावर नाहीं.

या सभेंत मला निवृत्त झालेल्या निदान सहा-सात भगिनी दिसत आहेत, आणि मागच्या बांकांवर शिकत असलेल्याही दोघी-तिघी आहेत. फादरांची परवानगी मीं घेतली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं, सकाळच्या मिस्सेनंतर, शाळेच्या कोपऱ्यावरच्या खोलींत मी बसत जाईन. रुग्णाचें नांव सांगावयाचें नाहीं, एवढाच नियम. बाकी काय पाहिलेंत, काय वाटलें, काय केलेंत, तें सांगावें. निवृत्त भगिनींनीं दोन तास काढून यावें, आणि उत्तरें देण्याची घाई करूं नये. चहा मी घरून आणीन; कप मात्र जिचे तिनें आणावेत, कारण माझ्याकडे आठच आहेत.