पोटातल्या सोबत्यांचं जेवण



आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात.
आपण जे खातो, तेच त्यांचं अन्न.

सुरुवात बाळापासून करू.
आईच्या दुधात काही खास शर्करा असतात.
बाळाला त्या पचत नाहीत.
त्यांवर वाढतात बिफिडोबॅक्टेरियासारखे उपकारक जिवाणू.

६ महिन्यांनंतर बाळ वरण-भात, नाचणीची पेज खाऊ लागतं.
अन्न बदललं, की जिवाणूही बदलतात.
साधारण ३ वर्षांपर्यंत त्यांची वस्ती मोठ्यांसारखी होऊ लागते.

मोठेपणी या जिवाणूंना हवा असतो चोथा.
भाकरी, उसळ, पालेभाजी यांत तो भरपूर असतो.
आपल्याला तो पचत नाही.
जिवाणू मात्र तो आंबवतात.
त्यातून ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार होतं.
मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्यातून ताकद मिळते.

म्हातारपणी दात साथ देत नाहीत.
जेवण चहा-बिस्किटांवर येतं.
मग जिवाणूंची विविधताही घटू शकते.
म्हणून आजी-आजोबांना मऊ शिजवलेली उसळ, भाजी, पिकलेलं फळ द्या.

श्रोतेहो, पुन्हा सांगते.
आपण जे खातो, तेच त्यांचं अन्न.
तान्ह्या बाळाला आईचं दूध द्या.
बाकी सगळ्यांच्या ताटात रोज भाजी आणि कडधान्य वाढा.