लांब ट्रेलर वळतो कसा

वळताना ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांचा माग काढत जात नाहीत. ती वळणाच्या आतून, जवळच्या वाटेने जातात. म्हणून तर घाटात ट्रेलरचा चालक गाडी आधी बाहेरच्या कडेला घेतो आणि मग वळवतो. मागच्या दुचाकीस्वाराला आतली बाजू मोकळी दिसते; ट्रेलरच्या मागच्या चाकांना नेमकी तीच जागा लागणार असते.

गाडी किती आत कापेल, हे पायथागोरसच्या सिद्धान्ताने काढता येते. मागची चाके स्वतः वळत नाहीत, त्यामुळे वळणाचे केंद्र मागच्या आसाच्या रेषेत राहते आणि दोन्ही आसांशी मिळून काटकोन त्रिकोण होतो. पुढचा आस 10 मीटर त्रिज्येने फिरला आणि दोन आसांत 6 मीटर अंतर असले, तर मागच्या आसाची त्रिज्या 8 मीटर भरते. म्हणजे 2 मीटर आत. हेच अंतर 3 मीटर असते, तर फरक अर्धा मीटरही पडला नसता. लांबीचा इथे वर्ग होतो, आणि सगळी अडचण त्यात आहे.

सांध्याचा फायदाही त्यातच. 8 मीटर अंतराची एकसंध गाडी त्याच वळणावर गोल फिरत राहिली, तर 4 मीटर आत जाते. तीच मधोमध सांधून चार-चार मीटरचे दोन भाग केले, की पावणेदोन मीटरवर भागते. ट्रेलर अवजड दिसतो, पण तेवढ्या लांबीच्या अखंड ट्रकपेक्षा तो बराच सुटसुटीत असतो. युरोपीय संघाच्या 1996 च्या निर्देशानुसार गाडी बाहेरून 12.5 आणि आतून 5.3 मीटर त्रिज्येच्या वर्तुळांमधल्या पट्ट्यात फिरावी लागते.

हे सारे सावकाश चालीचे गणित. वेग वाढला की उलटे घडते: टायर थोडे बाजूला सरकतात आणि ट्रेलरची शेपटी बाहेर जाऊ लागते.

भार पेलायला मागे दोन-तीन आस लावले, की नवा त्रास. समांतर आस एकाच केंद्राभोवती फिरू शकत नाहीत. वळणावर टायर रस्त्यावर घासत जातात. रिकाम्या गाडीचा एखादा आस उचलून ठेवतात, त्याने टायरची ही झीजही वाचते. पवनचक्कीचे पाते नेणाऱ्या ट्रेलरला मात्र मागची चाकेही वळवावी लागतात. अवघड वळणावर पुढचे स्टिअरिंग चालकाच्या हाती असते, आणि मागची चाके बाजूने चालणारा दुसरा माणूस रिमोटने वळवतो.