भोपळ्याचा लिलाव
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून इथे खूप आठवणी निघाल्या. छड्या झाल्या, सहली झाल्या, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरंही झाली. मी मात्र पैशावर बोलणार आहे. सगळी नोकरी बँकेत गेल्यावर दुसरं काय सुचणार! निवृत्तीनंतर मी शाळेच्या ऑफिसात हिशेबाला मदत करते, हे काही जणांना माहीत आहे. तिथल्या जुन्या खतावण्या चाळताना जे दिसलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

आपण लहान होतो तेव्हा गावात एक समज होता. शाळा मिशनची, म्हणजे पैसा अमेरिकेचा. त्याला कारणही होतं. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, पुढे नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या नगरच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला शिकल्या त्या फॅरारबाईंकडे. हा इतिहास आपण नगरकर अभिमानानं सांगतो, आणि सांगावाच.

पण आपण पाचवीत आलो १९७३ साली. तोवर परदेशी मंडळी बहुतेक परतली होती. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली होती. शाळेचा भार आता समोरच्या चर्चमधल्या मंडळीवर होता. ही मंडळी कोण? दवाखान्यातल्या नर्स आणि आया, छापखान्यातले कंपोझिटर, प्राथमिक शिक्षक, ड्रायव्हर, शिपाई. आपल्यासारखीच माणसं. पहिल्या तारखेची वाट बघणारी.

शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होई, आजही होतो. पण कौलं, बाकं, संडास, विहिरीची मोटार, पावसाळ्याआधीची डागडुजी यांना पगाराच्या अनुदानातला पैसा लावता येत नाही. तो संस्थेनं उभा करायचा. कसा केला, ते खतावणीत आहे. चर्चमध्ये कापणीचा सण होतो. लोक घरचं, शेतातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. आपण पाचवी ते दहावी इथे होतो, त्या सहा वर्षांत दर वर्षी एक नोंद आहे : ‘लिलावापैकी शाळा दुरुस्तीस.’ खाली बारीक अक्षरात यादी. ज्वारी, अंडी, एक कोंबडी, शेवग्याच्या शेंगा, एक भोपळा.

त्या भोपळ्याची गंमत मला जुन्या क्लार्ककाकांनी सांगितली. एकानं आणलेला भोपळा दुसरा चढ्या भावानं घ्यायचा आणि लगेच परत लिलावात ठेवायचा. मग तिसरा घ्यायचा. एकच भोपळा चार-चारदा विकला जायचा. आठवीच्या वर्गाची गळकी कौलं त्यातून बदलली गेली. ती बदलली तेव्हा त्या वर्गात आपण बसलो होतो.

आणि त्या वर्गात त्या मंडळीची मुलं किती होती? जेमतेम मूठभर. बाकी आपण सगळे. मी तोफखान्यातली, पद्मशाली घरातली. आई विड्या वळायची, घरात तेलुगू चालायचं. मी नीट मराठी बोलायला शिकले ती या शाळेत. शेजारणी आईला विचारायच्या, ‘तिथं पोरीला बाटवणार तर नाहीत ना?’ आई म्हणायची, ‘पाढे पाठ करून घेतात, एवढं मला माहीत.’ ख्रिस्ती मुलांचा शास्त्राचा तास असे तेव्हा आपल्याला नीतिपाठ असे. सकाळची प्रार्थना सगळ्यांची. रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं आपल्याला तिथेच कानावर पडली. घरी जाऊन मी लक्ष्मीपूजन केलं, ताबूत बघायला गेले. कुणी कधी हटकलं नाही.

आता आजचं. आपल्या शाळेच्या मराठी माध्यमाच्या पाचवीचा पट दर वर्षी घसरतो आहे. पटावर संचमान्यता ठरते. पट उतरला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की पालक बिचकतात आणि पट आणखी उतरतो. हे चक्र मी कागदावर पाहते आहे. दुसरीकडे शाळेची जागा मोक्याची. ‘मुलं नाहीत तर एवढी जागा कशाला अडवली?’ असं विचारणारे अधूनमधून येतात. मंडळी अजून नाही म्हणते आहे. पण तिच्यातले बरेच जण आता पेन्शनर आहेत, आणि तरुण पोरं पुण्या-मुंबईला.

आजच्या पाचवीत कोण आहे, तेही ऐका. एमआयडीसीत बाहेरून आलेल्या कामगारांची मुलं आहेत, त्यांच्या घरात हिंदी, भोजपुरी. बांधकामावरच्या बायांच्या मुली आहेत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी आजीकडे ठेवलेली दोन भावंडं आहेत. पन्नास वर्षांपूर्वी माझी आई जशी फाटकात उभी होती, तशाच या आया उभ्या असतात. त्यांना दुसरी शाळा परवडत नाही.

आपल्या बॅचनं शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायची आणि तिच्यावर सगळ्यांची नावं कोरायची, असा प्रस्ताव आहे. भावना चांगली आहे. पण माझं मत वेगळं आहे, आणि ते गटात कुजबुजण्यापेक्षा इथे, सरांसमोर आणि बाईंसमोर सांगितलेलं बरं. कमानीतून आत यायला मुलं हवीत. तोच पैसा आपण दर वर्षी थोडाथोडा द्यावा. लांबून येणाऱ्या मुलांची रिक्षा, घरी मराठी नसलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक तास शिकवणाऱ्या बाईंचं मानधन आणि पावसाळ्याआधीची डागडुजी, एवढ्या तीनच गोष्टींसाठी. शिवाय नगरात राहणाऱ्या आपण एकोणीस जणांनी एप्रिल-मेमध्ये शिक्षकांबरोबर वस्त्यांमधून फिरावं. शिक्षक आजही उन्हातान्हात फिरतातच. आपल्या तोंडून ‘मी याच शाळेत शिकले’ हे ऐकलं, तर पालकांना जास्त पटेल.

आणि एक विनंती. देताना अटी नकोत. प्रार्थना बदला, नाव बदला, समितीत आम्हाला घ्या, असं काही नको. ज्यांनी भोपळा चारदा विकत घेतला त्यांनी आपल्याला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, भिंतीवर स्वतःचं नावही लावलं नाही.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना पटलं त्यांनी वर्षाला जमेल तेवढा आकडा लिहावा. कमीत कमी किती, असं काही नाही. हिशेब मी ठेवीन आणि दर जूनमध्ये सगळ्यांना पाठवीन.

जेवायला उशीर होतो आहे, म्हणून थांबते.