अंगणातली ठेंगणी फुलझाडे
(ट्रस्टच्या महोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्त्या, इमारत-निधी अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून आम्ही कुंडीतल्या फुलझाडांवर बोलायला उभे राहिलो, याचे कोणाला हसू आले तर ते रास्तच आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शेती करीत. यंत्रमागांच्या मागोमाग ते सुरतेस आले. आज कामरेजच्या वसाहतींत आपल्या वाट्याला दोन खोल्या नि एक गॅलरी आली आहे. हात मात्र अजून माती विसरलेला नाही. म्हणून हा विषय.

गेली तीन वर्षे आम्ही एका परदेशी पाहुण्याच्या नादी लागलो होतो. त्याचे नाव एकिनेशिया. इंग्रजीत त्याला कोनफ्लॉवर म्हणतात. हे उत्तर अमेरिकेतील माळरानावरचे झाड. जांभळट-गुलाबी पाकळ्या खाली झुकतात आणि मधला गोंडा शंकूसारखा वर येतो. तो काटेरी लागतो, म्हणून मेंख या शास्त्रज्ञाने १७९४ साली ग्रीक भाषेतील एका काटेरी प्राण्यावरून त्याला हे नाव दिले. मूळ झाड तीन-चार फूट वाढते. परंतु आता दीड-दोन फुटांचे ठेंगणे वाणही निघाले आहेत. त्यांतील ‘पॉवॉव वाइल्ड बेरी’ या वाणाला २०१० साली अमेरिकेतील ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळाला.

पहिल्या वर्षी आम्ही विकतची रोपे आणून ज्येष्ठात थेट काळ्या जमिनीत लावली. तापीकाठची ही माती उसाला फार मानवते, पण पावसाळ्यात पाणी धरून बसते. श्रावण सरेपर्यंत सारी रोपे बुडख्याशी कुजली. दोष रोपांचा नव्हता, आमचा होता.

दुसऱ्या वर्षी आश्विनात कुंड्यांत बी पेरले. उगवण चांगली झाली, पण थंडीभर झाड पानांचा पसारा करून जमिनीलगत बसून राहिले. खत कमी पडले म्हणून आम्ही खत घातले. पाने माजली, कळी नाही. मागून कळले की दिवस लांबल्याखेरीज हे झाड दांडा वर काढीत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा. फुले आली ती वैशाखाच्या शेवटी, भर उन्हात. आणि पाठोपाठ पाऊस आला.

तेव्हा ज्यांना हौस आहे त्यांनी एवढे करावे. कुंडी तळाला भोके असलेली, चांगली वीतभर खोल घ्यावी. दोन भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग जुने कुजलेले शेणखत घालावे. याहून जास्त खत नको. सकाळचे ऊन पुरे मिळावे, दुपारी सावली असावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवावी. यंदा आमच्या सहा झाडांपैकी चार जगली आहेत.

पण सहा झाडांत चार फुले म्हणजे देवाच्या ताटालाही अपुरी. म्हणून पाहुण्याचे कौतुक करताना घरच्याला विसरू नये. ठेंगणा मखमली झेंडू हा याच सूर्यफुलाच्या कुळातला. आषाढात बी पेरावे, तीनचार आठवड्यांनी रोप कुंडीत लावावे, ते जीव धरू लागले की शेंडा खुडावा. म्हणजे बाजूने फुटवे येतात. वीत-दीड वीत उंचीचे झाड दसऱ्याला भरून फुलते. शेजारचे गुजराती बांधव ज्याला गलगोटा म्हणतात तोही झेंडूच. आणि गंमत अशी की तोही मूळचा इथला नव्हे, मेक्सिकोकडचा! एके काळचा पाहुणा आज आपल्या तोरणात आहे.

येथे एक आठवण सांगून रजा घेतो. आमच्या मावशी सुरतेत अडाजणला राहत. दरवर्षी दसऱ्याच्या तोरणातली चांगली फुले सुकवून त्या बी पुरचुंडीत बांधीत. बी त्यांनी खानदेशातून सासरी येताना आणलेले. ऑगस्ट २००६ च्या पुरात पाणी घरात शिरले. भांडी गेली, गाद्या गेल्या, पुरचुंडी माळ्यावर होती म्हणून राहिली. पूर ओसरल्यावर गाळ उपसताना मावशींनी त्यातला चार पाट्या गाळ बाजूला ठेवायला सांगितला. त्या वेळी आम्हांला रागच आला. पुढल्या आषाढात त्याच गाळात त्यांनी झेंडू पेरला.

मावशी आता नाहीत. त्यांचे बी आम्ही राखले आहे, पण एका घरात राखलेले बी एका चुकीने संपते. संकरित बियाण्यापासून धरलेले बी पुढे तसेच उतरेल याचा भरवसा नसतो. हे जुने बी मात्र आजवर मूळ वाणावरच गेले आहे. दाराजवळच्या टेबलावर त्याच्या पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येक घराने एक न्यावी, आणि दसऱ्यानंतर दोन फुले सुकवून ठेवावीत. कधी आमचे बी संपले, तर मागायला आम्ही आपल्याच दारी येऊ.