किरणोपचारानंतर हृदयाकडे लक्ष

स्तनाच्या, विशेषतः डाव्या बाजूच्या, कर्करोगावर किरणोपचार करताना हृदयालाही काही किरण लागतात. स्वीडन आणि डेन्मार्कमधील २१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या किरणांच्या सरासरी मात्रेत एका ग्रेची (ग्रे म्हणजे किरणमात्रेचे एकक) वाढ झाली, की हृदयधमन्यांच्या गंभीर आजाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. हा धोका पहिल्या ५ वर्षांतच सुरू होतो आणि पुढे २० वर्षे तरी राहतो. इकोकार्डिओग्राफीतील (हृदयाच्या सोनोग्राफीतील) ‘स्ट्रेन’ म्हणजे स्नायूच्या आकुंचनाच्या मोजणीत हृदयाच्या स्नायूचा बिघाड लवकर कळू शकतो. तेव्हा हृदयाचे पंपिंग नॉर्मलही असू शकते. म्हणून भगिनींनो, उपचारांची कागदपत्रे जपा. धाप लागली, छातीत दुखले, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि किरणोपचार झाल्याचे आवर्जून सांगा. मात्र भीतीपोटी किरणोपचार टाळू नका. ते जीव वाचवतात.